चिरेखाणीच्या आम्लधर्मी जमिनीवर पुन्हा झाडोरा कसा उभा करावा?

कोयनाकाठ (पाटण, जि. सातारा)

नमस्कार. पाटण तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरमाथ्याजवळ आमची दीड एकर जमीन आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी ती जांभ्याचे चिरे काढण्यासाठी कराराने दिली होती. चिरे संपले, खाणवाले निघून गेले आणि मागे पुरुषभर खोलीचा, उभ्या कडांचा खड्डा राहिला. त्याच्या तळाशी मऊ, पांढुरकी-पिवळी चिकणमाती उघडी पडली आहे आणि काठावर चिऱ्यांच्या चुऱ्याचे ढीग आहेत. वरची हातभर काळपट तांबडी माती, जिच्यावर पूर्वी गवत आणि करवंदीच्या जाळ्या होत्या, ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात दरीच्या बाजूला लोटली आणि दोन पावसाळ्यांत ती ओढ्याला लागली.

चार वर्षांपूर्वी आम्ही तेथे साग, चिंच, कडुनिंब आणि आंबा लावला. दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, कराडकडून नदीकाठच्या गाळाची काळी माती आणली, शेणखत मिसळले आणि दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून घातले. पहिली दोन वर्षे रोपे इतकी चांगली वाढली की पाहायला येणारे कौतुक करून जात. तिसऱ्या वर्षापासून पाने पिवळी पडू लागली, शेंडे वाळू लागले, आणि या मार्गशीर्षापर्यंत निम्म्याहून अधिक झाडे गेली.

परवा वाळलेला एक साग मुळासकट उपटून पाहिला. मुळे खड्ड्याच्या चौकोनातच गोल गोल फिरली होती, जणू कुंडीतले झाड असावे. जी दोन-चार मुळे खड्ड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचली होती, त्यांची टोके आखूड, जाड आणि तपकिरी झालेली होती आणि त्यांना बारीक तंतुमुळे जवळजवळ नव्हतीच. भिंतीपासून बोटभर अंतरावर ती वळून परत आत आली होती. माती तपासून घेतली, तेव्हा खड्ड्यातल्या मातीचा सामू (pH, आम्लतेचे माप; सातच्या खाली जितका कमी तितकी माती आम्ल) ७.६ आला आणि खड्ड्याबाहेरच्या मातीचा ४.७. सेंद्रिय कर्ब बाहेर अत्यंत कमी आहे.

आता माझे प्रश्न असे. सगळ्या जमिनीला चुना घालावा का, आणि घालायचा तर किती? एका खतविक्रेत्याने जिप्सम सुचवले आहे, ते योग्य आहे का? आणि अशा जमिनीत मुळात कोणती झाडे लावायला हवी होती?

---

शिराळा_डोंगरभाग

ताई, आमच्याकडे चांदोलीच्या बाजूला हीच गोष्ट लाल मुरुमाच्या खाणीत झाली, म्हणून विचारतो. तळाच्या चिकणमातीवर पावसाळ्यात पाणी किती दिवस साचून राहते? आमच्याकडे रोपे आम्लतेने मेली की पाण्याने गुदमरून मेली, हे शेवटपर्यंत कळले नाही.

---

कोयनाकाठ

दादा, तळाच्या उत्तरेकडील कोपऱ्यात श्रावणापासून दिवाळीपर्यंत पाणी असते. मात्र मेलेली बहुतेक झाडे काठावरच्या उंच भागातली आहेत, जेथे पाणी अजिबात थांबत नाही.

---

माती_प्रयोगशाळा_निवृत्त (कराड)

कोयनाकाठताई, तुम्ही झाड उपटून मुळे पाहिलीत, हे फार चांगले केलेत. बहुतेक लोक पाने पाहून खत घालत राहतात. मी मृदा चाचणी प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सामूचे माप सरळ चढत नाही, दर एका अंकाला आम्लता दहापट बदलते. त्यामुळे तुमच्या खड्ड्यातल्या ७.६ आणि बाहेरच्या ४.७ यांत जवळजवळ आठशेपट अंतर आहे. मुळाला खड्ड्याची भिंत ओलांडणे म्हणजे एका देशातून थेट दुसऱ्या देशात पाऊल टाकण्यासारखे झाले.

पण आम्लता स्वतः मुळाला फारशी मारत नाही. मारणारे दुसरेच आहे. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर असते. सामू साडेपाचच्या वर असेपर्यंत हे अॅल्युमिनियम न विरघळणाऱ्या रूपात गुपचूप पडून राहते. सामू साडेपाचच्या खाली उतरू लागला की ते विरघळू लागते आणि पाचच्या खाली तर मातीतल्या पाण्यात मुळांना घातक ठरण्याइतके येते. त्याचा पहिला घाव मुळाच्या टोकावर बसतो, कारण तेथेच पेशी वाढत आणि विभागत असतात. टोकाची वाढ खुंटते, ते जाड आणि ठिसूळ होते, बाजूची तंतुमुळे फुटत नाहीत. तुम्ही जे वर्णन केलेत ते अॅल्युमिनियमच्या विषबाधेचे अगदी नेमके लक्षण आहे. असे झाड ओलसर जमिनीतही तहानलेले राहते, कारण पाणी शोधायला मूळ खाली जाऊच शकत नाही. पाने पिवळी पडली आणि शेंडे उन्हाळ्यात वाळले, ते यामुळे.

दुसरी गोष्ट स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची. लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे स्फुरद घट्ट धरून ठेवतात. तुम्ही सुपर फॉस्फेट घातलेत, तरी त्यातला मोठा भाग झाडाच्या हाती लागण्यापूर्वीच अडकून पडतो. अशा जमिनीत खडकाच्या रूपातले रॉक फॉस्फेट अधिक उपयोगी पडते, कारण जमिनीची आम्लताच त्याला हळूहळू विरघळवते. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) हे तर पावसाने आधीच धुऊन गेलेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, जत-आटपाडीला पाचशे-सहाशे. हाच पाऊस लाखो वर्षे एकाच जातीच्या बेसॉल्टवर (काळ्या पाषाणावर) पडत राहिला, आणि पश्चिमेला जांभा झाला, पूर्वेला काळी माती. आपल्या दोन जिल्ह्यांतली ही दोन टोके एका एसटीच्या प्रवासात दिसतात.

तिसरी गोष्ट जिवाणूंची. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू आम्ल जमिनीत नीट काम करत नाहीत. त्यांना हवेतले नत्र (नायट्रोजन) बांधण्यासाठी मॉलिब्डेनम लागते, आणि आम्लता वाढते तसे हे सूक्ष्मद्रव्य नेमके दुर्मीळ होत जाते.

तुमच्या झाडांच्या निवडीविषयी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. साग हे कॅल्शियम मागणारे झाड आहे, त्याला साडेसहा ते साडेसातचा सामू मानवतो. जांभ्यावर साग खुरटतो हे वनखात्याच्या लोकांना जुने ठाऊक आहे. कडुनिंब आणि चिंच ही तर पूर्वेच्या कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत सुखाने वाढणारी झाडे आहेत. त्यांना तुम्ही कराडची काळी माती देऊन दोन वर्षे माहेरी ठेवलेत, एवढेच.

---

जत_पूर्वभाग

काका, तुमचे लिखाण मनापासून वाचले. एक शंका आहे. आमच्या चोपण जमिनीत कृषी अधिकारी जिप्समच सांगतात आणि त्याचा गुण आम्हाला आलेला आहे. मग ताईंच्या जमिनीत जिप्सम का चालणार नाही? आणि आमच्या शेतात चुनखडीचे खडे इतके आहेत की द्राक्षाची पाने लोहाअभावी पिवळी पडतात. तीच चुनखडी कुटून ताईंना देता येईल का?

---

माती_प्रयोगशाळा_निवृत्त

दादा, प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण नेमका याच ठिकाणी घोटाळा होतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. जिप्सममधले कॅल्शियम त्याला हटवते, आणि सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. सामू कमी होतो तो त्यामुळे. जिप्सम हे आम्ल मारणारे द्रव्य नाही. ताईंच्या जमिनीत ते घातले, तर सामू ४.७ चा ६ होणार नाही.

तरीही ते पूर्ण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. चुना जेथे मिसळला तेथेच राहतो, खाली फार हळू उतरतो. जिप्सम पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, त्यामुळे त्याचे कॅल्शियम खोलवर पोहोचते आणि तेथील अॅल्युमिनियमची विषबाधा काहीशी कमी होते. म्हणून वर चुना आणि सोबत थोडे जिप्सम असे देता येते. चुन्याऐवजी जिप्सम मात्र नको.

तुमची चुनखडी कुटून नक्कीच चालेल. फक्त ती पिठासारखी बारीक असावी, कारण खडा जितका मोठा तितका तो मातीत वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. खडे खरोखर चुन्याचे आहेत का, हे पाहायला लिंबाचा रस टाका. फेस आला तर चुना आहे.

---

ईशान्य_कोळसा (मूळ गाव तासगाव)

मी काही वर्षे ईशान्येकडील कोळसापट्ट्यात काम केले आहे. येथे सगळेच आम्लतेविषयी बोलत आहेत, म्हणून एक भेद मांडतो.

कोळशाच्या खाणीतली आम्लता जांभ्यासारखी पावसाने धुऊन आलेली नसते, ती खाणीमुळे नव्याने तयार होते. कोळशासोबतच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज असते. जमिनीखाली ते स्वस्थ असते. ते बाहेर काढून ढिगात टाकले की हवा आणि पाणी लागून त्याचे गंधकाम्ल होते, आणि काही जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वेगवान करतात. अशा ढिगाचा सामू तीनच्याही खाली जातो. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या नद्यांचे पाणी यामुळे जीवहीन झालेले मी पाहिले आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली तेथील उंदीरबिळासारख्या खाणींवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होते.

त्या ढिगांवर एकदा चुना घालून भागत नाही, कारण आम्ल बनतच राहते. हिशेब असा आहे की खडकात पायराइटचे गंधक एक टक्का असेल, तर हजार टन खडकामागे सव्वाएकतीस टन चुनखडी लागते. ताईंच्या जमिनीत पायराइट नाही. तिची आम्लता जुनी आणि स्थिर आहे, ती पुन्हा पुन्हा उफाळून येणार नाही. त्या दृष्टीने ताईंचे काम बरेच सोपे आहे, आणि हे ऐकून त्यांना धीर यावा म्हणून मुद्दाम लिहिले.

---

सडा_आणि_गवत (सातारा)

वरील चर्चा उत्तम आहे, परंतु ती सगळी जमिनीला झाडायोग्य करण्याभोवती फिरते आहे, आणि मला येथे थोडा वेगळा विचार मांडायचा आहे.

जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, मुळातच आम्लधर्मी आणि निकस असतात, आणि ते निकस आहेत म्हणूनच तेथे इतरत्र न दिसणारी वनस्पतिसृष्टी आहे. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, ते काही तेथील वृक्षांमुळे नव्हे. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती तेथे वाढतात, कारण मातीत नत्र नाही आणि ते त्या किड्यांकडून मिळवतात. अशा जागी कोणी चुना आणि खत पसरले, तर तण माजेल आणि या नाजूक वनस्पती त्याखाली गाडल्या जातील. म्हणून ताई, तुमच्या खाणीलगत जो अखंड सडा उरला असेल, त्यावर चुन्याची एक मूठही जाऊ देऊ नका.

खड्ड्यात आणि ढिगांवर मात्र काम करावे लागेल, आणि ते गवतापासून सुरू व्हावे असे माझे ठाम मत आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र सरकारला हेच सांगितले, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यायोग्य, वनस्पती आणि प्राण्यांयोग्य करण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी. तुमचा करार त्यापूर्वीचा आहे हे खरे, पण दिशा तीच आहे. ढिगांच्या उतारावर आडव्या ओळीत वाळा लावावा. त्याची मुळे खोल जातात आणि तो आम्लता व अॅल्युमिनियम दोन्ही सोसतो. मधल्या जागेत कुसळी आणि डोंगरी गवताचे बी शेजारच्याच डोंगरावरून कापणीच्या वेळी गोळा करून टाकावे, आणि सोबत स्टायलो हे चाऱ्याचे द्विदल पेरावे, जे आम्ल जमिनीत इतर द्विदलांपेक्षा चांगले तग धरते.

झाडे काठावर लावायची असतील, तर जी त्या डोंगरावर आधीच आहेत तीच घ्यावीत: जांभूळ, अंजनी, करवंद, आवळा, हिरडा, गेळा. रोपाच्या पिशवीत त्याच झाडाखालची दोन मुठी माती मिसळावी. त्या मातीत मुळांना जोडून राहणारी बुरशी असते, आणि तीच अडकलेला स्फुरद झाडापर्यंत पोहोचवते. बाहेरची काळी माती पुन्हा आणू नका.

ऑस्ट्रेलियन बाभूळ कोणी सुचवील. ती अशा जमिनीत झपाट्याने वाढते, हे मान्य आहे. पण तिच्या न कुजणाऱ्या पानांचा जाड थर साचतो, त्याखाली काही उगवत नाही आणि उन्हाळ्यात वणव्याला आयते सरपण मिळते. मी तरी ती लावणार नाही.

आणि तळातला जो कोपरा श्रावण ते दिवाळी पाणी धरतो, तो भरू नका. सड्यावर पावसाळी डबकी असतातच. बेडकांना आणि गुरांना त्याचा उपयोग होईल.

---

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जिप्समची मागणी रद्द केली आहे. दोन शंका उरल्या आहेत. चुन्याचे प्रमाण कसे ठरवावे? आणि साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरणारी मळी) येथे स्वस्तात मिळते, ती चुन्याचे काम करील का?

---

माती_प्रयोगशाळा_निवृत्त

प्रेसमडचे दोन प्रकार आहेत. कार्बोनेशन पद्धतीच्या (चुना आणि कार्बन डायऑक्साइडने रस शुद्ध करणाऱ्या) कारखान्यातील मळी चुन्याने भरलेली असते आणि ती आम्ल जमिनीला चालते. आपल्याकडचे कारखाने मुख्यतः सल्फिटेशन पद्धतीचे, म्हणजे गंधकाच्या वायूने रस शुद्ध करणारे आहेत. त्यांची मळी सेंद्रिय द्रव्य आणि स्फुरद यांसाठी उत्तम आहे, पण ती चुन्याची जागा घेऊ शकत नाही. ती चांगली कुजवून खत म्हणून वापरा. तुमच्या जमिनीला सेंद्रिय कर्बाची नितांत गरज आहे, शिवाय कुजलेले सेंद्रिय द्रव्य विरघळलेल्या अॅल्युमिनियमला बांधून ठेवते, हा वेगळा लाभ.

चुन्याचे प्रमाण सामूवरून थेट काढता येत नाही. तेवढ्याच सामूच्या भारी मातीला अधिक चुना लागतो आणि हलक्या मातीला कमी. जांभ्याची माती चिकट दिसली तरी तिची द्रव्ये धरून ठेवण्याची ताकद कमी असते, म्हणून तिला थोडा चुना पुरतो आणि जास्त झाला तर जस्त व बोरॉन अडकून नवे दुखणे उभे राहते. तेव्हा घरीच चाचणी करा. खड्ड्याबाहेरची माती वाळवून चाळा. एकेक किलो माती चार डब्यांत घ्या. पहिल्यात काही नको, दुसऱ्यात एक ग्रॅम, तिसऱ्यात दोन आणि चौथ्यात तीन ग्रॅम बारीक चुनखडी नीट मिसळा. चार आठवडे माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. मग चारही नमुने सामूसाठी द्या.

ज्या डब्याचा सामू साडेपाच ते सहाच्या दरम्यान येईल, तेवढाच आपला चुना. त्यापुढे सातपर्यंत नेण्याचा हट्ट नको. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीसुद्धा साडेपाच ते साडेसहामध्येच समाधानी असते. एक हेक्टरच्या वरच्या सहा इंच थरात ढोबळ मानाने वीस लाख किलो माती असते, म्हणजे किलोला एक ग्रॅम याचा अर्थ हेक्टरी दोन टन, एकरी आठशे किलो. दोन फुटांच्या चौरस खड्ड्यात साधारण पावणेतीनशे किलो माती बसते, तेथे तोच हिशेब पाव किलोच्या थोडा वर जातो. कळीचा चुना वापरणार असाल, तर प्रमाण जवळजवळ निम्मे करा आणि हात-डोळे सांभाळा, तो भाजतो.

खड्डा भरताना बाहेरचीच माती चुना आणि कुजलेले खत मिसळून परत भरा. खड्ड्याच्या भिंती कुदळीने खरवडून ठेवा, म्हणजे आतली आणि बाहेरची माती एकमेकींत मिसळेल आणि मुळाला ती सीमा जाणवणार नाही. हे सगळे पावसाच्या निदान दोन महिने आधी व्हावे. आणि एक सूचना, अमोनियम सल्फेट या जमिनीला दाखवूसुद्धा नका. त्याच्या शंभर किलोंनी येणारी आम्लता मारायला एकशे दहा किलो चुनखडी खर्ची पडते.

---

कोयनाकाठ (भाद्रपद)

बरेच महिने लिहिणे झाले नाही. काम कसे झाले ते कळवते.

डब्यांचे सामू अनुक्रमे ४.७, ५.२, ५.७ आणि ६.२ आले, म्हणून किलोला दोन ग्रॅमचे प्रमाण धरले. चुनखडी जतच्या दादांनीच ट्रॅक्टरने पाठवली आणि तिचे पैसे घेतले नाहीत, हे येथे सांगितलेच पाहिजे. ढिगांच्या उतारावर वाळ्याच्या सहा ओळी लावल्या, त्या सगळ्या जगल्या आहेत आणि ओळींच्या वरच्या अंगाला या पावसात वाहून आलेली माती चार बोटे अडली आहे. काठावर जांभूळ, आवळा, अंजनी आणि करवंद मिळून साठ खड्डे केले. उत्तरेचे डबके तसेच ठेवले आहे.

पट्टीपट्टीने ताग पेरला होता, एका पट्टीत चुना घालून आणि शेजारच्या पट्टीत न घालता. परवा तो गाडण्याआधी दोन्हीकडची दहा-दहा रोपे अलगद उपटून पाण्यात धुतली. चुना नसलेल्या पट्टीतला ताग गुडघ्याएवढा होता. त्याच्या मुळांवर बारीक, मोहरीएवढ्या मोजक्या गाठी होत्या आणि नखाने फोडल्यावर त्या आतून पांढऱ्या निघाल्या. चुन्याच्या पट्टीतला ताग माझ्या खांद्याला लागत होता. त्याच्या गाठी मुगाएवढ्या, झुबक्यांनी होत्या. फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या, आणि सोटमूळ सरळ हातभर खाली गेलेले होते. काका, हा गुलाबी रंग म्हणजे नत्र बांधले जात असल्याची खूण, हे बरोबर ना?

---

माती_प्रयोगशाळा_निवृत्त

अगदी बरोबर, ताई. पांढरी गाठ असते, पण काम करत नाही. ताग फुलावर येताच गाडून टाका, दाणा भरू देऊ नका. पुढच्या मार्गशीर्षात एका जांभळाच्या खड्ड्याची भिंत बाजूने हळूच खणून पाहा, मूळ बाहेरच्या मातीत शिरले आहे की वळून परत आले आहे, ते तेथे दिसेल.